दिल्ली पासिंगची जुनी मर्सिडीज ग्वाल्हेरला आणावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. करोल बागेतल्या एका डीलरकडे २०१५ च्या नोंदणीची मर्सिडीज ई-२५० सीडीआय उभी आहे. डिझेल, दुसरा मालक, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या घरातली ही गाडी आता साडेआठ लाखांत मिळते आहे. तुमचं घर जिवाजीगंजात, रोजचं जाणं-येणं सिटी सेंटरपर्यंत, महिन्यातून एखादी फेरी आग्र्याची किंवा झाशीची. वडील म्हणतात, तेवढ्यात नवी छोटी गाडी येते, ती घे. तुमचं मन मात्र मर्सिडीजमध्ये अडकलं आहे.

लश्करात माझं गॅरेज आहे आणि बरीच वर्षं मी याच जातीच्या गाड्यांवर काम करतो आहे. माझं उत्तर : मर्सिडीज जरूर घ्या, पण साडेआठ लाखांची गाडी घेतो आहोत असं समजून घेऊ नका. गाडी पन्नास लाखांचीच आहे. उतरली ती फक्त विकण्याची किंमत. तिचा हेडलॅम्प, तिचा गिअरबॉक्स, तिचे इंजेक्टर यांना गाडीचं वय कळत नाही, ते पन्नास लाखांच्या गाडीच्या भावानेच येतात. वडिलांचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. मात्र त्यांना उत्तर देता येईल अशी गाडी बाजारात असते, आणि ती शोधायची कशी हे सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

आधी ती स्वस्त का आहे ते पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही मर्यादा कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं म्हटलं आणि त्यानंतरही आदेश बदलत राहिले. पण बाजाराला एकदा भीती बसली की ती सहज जात नाही. दिल्लीचा मालक नवव्या वर्षापासूनच गाडी काढायच्या मागे लागतो. ती माल म्हणून बाहेर पडते आणि आपलं ग्वाल्हेर रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरवर, त्यामुळे त्या लाटेतल्या कितीतरी गाड्या आधी आपल्याकडेच येतात.

मध्य प्रदेशात खासगी डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे तुमच्या गाडीला २०३० पर्यंत चिंता नाही. त्यानंतर फिटनेस तपासून नूतनीकरण होतं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढलं. एक गोष्ट मात्र घेणारे विसरतात. नंबर ग्वाल्हेरचा, म्हणजे एमपी-०७ झाला म्हणजे दिल्लीचा प्रश्न मिटला असं नाही. वयाचे ते आदेश त्या भागात चालणाऱ्या गाडीला आहेत, नंबर कुठलाही असो. आग्र्याहून यमुना एक्सप्रेस वेने वर गेलात की ग्रेटर नोएडा लागतं, तेही एनसीआरच. मुलगी नोएडात, मुलगा गुरुग्रामला अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तुमचं तिकडे वरचेवर जाणं असेल तर डिझेल सोडा आणि याच वयाची पेट्रोल ई-२०० शोधा.

आता कागद. लोक इंजिनाला कान लावून बसतात आणि कागद नंतर बघू म्हणतात. मी उलट सांगतो, कारण इंजिन दुरुस्त होतं, अडकलेला कागद वर्ष खातो. दिल्लीच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तिच्यावर ‘ग्वाल्हेर’ असं स्पष्ट हवं. दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाने आधीच काढून ठेवलेली एनओसी डीलर पुढे करत असेल तर तिथेच थांबा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा, दिसत असेल आणि डीलर ‘कर्ज कधीच फिटलंय’ म्हणत असेल, तर फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसा देऊ नका. बाकी चलान ऑनलाइन बघा. दिल्लीच्या गाडीवर कॅमेऱ्याची चलानं साठलेली असतात आणि ती भरल्याशिवाय एनओसी सरकत नाही.

डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते घ्यावं लागतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९सी ने पोर्टलवर करावी लागते. ज्याने हे केलं आहे तो कागदांना जबाबदार असतो. ज्याने केलं नाही, त्याच्याकडे मूळ मालकाच्या सह्या केलेले कोरे फॉर्म असतात. तो मूळ मालक उद्या फोन उचलेनासा झाला तर तुम्ही काय करणार?

रोड टॅक्सचा आकडा गाडी घेण्याआधी काढा. गाडी साडेआठ लाखांत पडली म्हणून कर साडेआठ लाखांवर लागेल असं धरून चालू नका. मूळ किंमत, इंधन, वय सगळं सांगून आरटीओतून हिशेब घ्या आणि तो साडेआठ लाखांत मिळवा. दुसऱ्या राज्याचा नंबर घेऊन बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवता येत नाही. ‘चालवा हो दिल्ली नंबरवरच, कोण विचारतं’ हा सल्ला तुम्हाला पडाव पुलापासून महाराज बाड्यापर्यंत सगळे देतील. ऐकू नका. विम्याचा दावा करायची वेळ आली की सगळ्यात आधी हेच विचारलं जातं.

कागद जमले तरच गाडी बघायला जा. डीलरला आदल्या दिवशी सांगा की गाडी सुरू करून ठेवायची नाही, आणि पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, दोन-तीन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. या ई-२५० मधलं डिझेल इंजिन ओएम-६५१. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवून ठेवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते आणि मग विरते. गरम इंजिनात ऐकूच येत नाही. चेन मागे असल्यामुळे ते काम निघालं की मजुरीच डोळे पांढरे करते. म्हणून त्या पहिल्या पाच सेकंदांसाठी दिल्लीपर्यंत जायचं. तुम्ही बोनेट उघडून इंजिनाजवळ उभे राहा, दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवू द्या, खिडक्या बंद, एसी बंद, म्युझिक बंद.

किल्ली फिरवल्यावर काहीच झालं नाही आणि डीलर म्हणाला ‘बॅटरी उतरली असेल’, तर बॅटरीबरोबर स्टिअरिंग लॉकचाही संशय धरा. या पिढीच्या मर्सिडीजमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक निकामी होणं नवं नाही आणि तो गेला की गाडी जागची हलत नाही. किल्ल्या दोन आहेत का ते बघा. दुसरी किल्ली अधिकृत मार्गानेच, कागद दाखवून येते आणि स्वस्त येत नाही.

गिअरबॉक्स सात गिअरचा, ७जी-ट्रॉनिक. ब्रेकवर पाय ठेवून डी मधून आर मध्ये टाका. उशीर लागला किंवा धक्का बसला तर सावध व्हा. मग चालवताना सिग्नलला हळूहळू थांबा. शेवटच्या क्षणी मागून कुणी ढकलल्यासारखं वाटलं तर तेल जुनं झालं आहे किंवा आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली आहे. ती पट्टी त्या गाडीच्या कोडला बांधलेली असते, त्यामुळे भंगारातून दुसरी आणून बसवता येत नाही. तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलला तर हा गिअरबॉक्स उत्तम चालतो. ‘ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर चालतं’ हे वाक्य ज्या मालकाने मनावर घेतलं, त्याची गाडी घेऊ नका. बीएमडब्ल्यूमध्ये जो झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स येतो, त्याच्याबद्दल खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते.

आता ते ६८ हजार. दहा वर्षांत ६८ हजार हे अशक्य नाही, दिल्लीत दुसरी-तिसरी गाडी म्हणून अशा कितीतरी उभ्या असतात. पण मीटर मागे नेणं हे तासाभराचं काम आहे. सीटची दाराकडची कड, ब्रेक पॅडलचं रबर, स्टिअरिंगचं उजव्या बाजूचं कातडं पाहा. ६८ हजारांत ब्रेक पॅडल गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारी टायर कारखान्यातले आणि गाडीच्याच वर्षाचे असतील तर ते वयामुळे फेकायचे, पण मीटर खरा असण्याची शक्यता वाढते. खरा पुरावा एकच, सर्व्हिसची नोंद. मर्सिडीजची नोंद चेसिस नंबरवर कंपनीच्या यंत्रणेत असते. ती प्रिंट मालकाच्या मार्फत काढून मागा. ५२ हजारांची नोंद २०१९ ची आणि त्यानंतर सहा वर्षं काहीच नाही, असं दिसलं तर मीटर खरा असो वा खोटा, त्या सहा वर्षांत गाडीकडे कुणी बघितलेलं नाही, आणि त्याचं बिल आता तुमच्या नावावर येणार. नोंदी सलग असतील तर नऊ लाख द्या, मी अडवणार नाही.

स्कॅनरशिवाय व्यवहार करू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडांच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचायला मर्सिडीजचं झेंट्री सॉफ्टवेअर लागतं, स्वस्त ब्लूटूथ डोंगलने भागत नाही. दिल्लीत मर्सिडीजचं स्वतंत्र काम करणारी गॅरेजं भरपूर आहेत, काही हजार देऊन तिथे तपासून घ्या. सगळे मॉड्यूल एकदम कोरे, एकही जुना कोड नाही असं दिसलं तर खूश होऊ नका. दहा वर्षांच्या गाडीत एखादा जुना कोड असतोच. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बऱ्याच गाड्यांत वाचता येतं, तो आकडा बारा किलोमीटर निघाला तर सकाळीच कुणीतरी साफसफाई केली आहे.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. अगदी मुळाशी, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का ते बघा. दिल्लीत २०२३ मध्ये यमुनेचं पाणी वस्तीत शिरलं होतं, चेन्नई २०१५ मध्ये बुडाली होती, आपल्या चंबळ भागातही २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आपण पाहिलं. त्या गाड्या कुठेतरी विकल्या जातातच. यात सापडलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, कारण वायरिंगचे सॉकेट आतून हिरवे पडत जातात आणि रोज नवी तक्रार निघते.

गाडी घरी आली की आपलं ग्वाल्हेर तिची परीक्षा घेणार. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि जर्मन गाडीच्या कूलिंगमध्ये प्लास्टिकचे भाग बरेच : थर्मोस्टॅटचं घर, नळ्यांचे सांधे, टाकी. दहा उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक बोटाने दाबलं तर तुटतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते कूलंटच्या टाकीत डोकावल्यावर. कुठेतरी वाटेत पाणी कमी झालं, रस्त्यावरच्या मिस्त्रीने बोअरिंगचं पाणी ओतलं, आणि आत तपकिरी गढूळ पाण्यावर पांढरा थर. आपल्याकडचं बोअरिंगचं पाणी जड आहे, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुन्यासारखं बसतं. मग भर दुपारी मोरार-ठाठीपूरच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो आणि हेड गॅसकेटपर्यंत प्रकरण जातं. डिकीत डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली ठेवा, दीडशे रुपयांचाही खर्च नाही. गाडी आल्या आठवड्यात कूलंट पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या प्रकारचा भरा, पंप आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी बदला.

तुमचा रोजचा रस्ता हा दुसरा प्रश्न. जिवाजीगंज ते सिटी सेंटर म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत पोचता. डिझेलला हे मानवत नाही. धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते, आणि काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल तर तो स्वतःला जाळून साफ करायला लागतो तेवढी उष्णता मिळत नाही. महिन्याला एक आग्रा फेरी पुरेशी नाही. दर आठवड्याला एकदा झाशीच्या दिशेने हायवेवर अर्धा-पाऊण तास एका वेगाने चालवा. हे जमणार नसेल तर पेट्रोल घ्या. पेट्रोलला आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि २०२३ आधीच्या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्या नव्हत्या, म्हणून जुन्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे पाइप आणि सील दरवर्षी तपासा. तरीही तुमच्या वापराला पेट्रोलच बरं.

सुट्या भागांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, इथेच पैसा वाचतो. मर्सिडीजच्या डब्यात येणारा लोअर आर्म, शॉकअॅब्सॉर्बर, फिल्टर मर्सिडीज स्वतः बनवत नाही. लेमफोर्डर, झाक्स, बिल्स्टाइन, मान, माहले, बॉश या कंपन्या बनवतात आणि स्वतःच्या डब्यात तोच माल बऱ्याच कमी भावात विकतात. तो दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्ट बाजारात मिळतो, पण त्याच गल्लीत हुबेहूब छापील डब्यातला डुप्लिकेटही मिळतो. पक्कं बिल देणारा दुकानदार धरा आणि चेसिस नंबर देऊनच पार्ट नंबर काढा. दिल्लीच्याच मायापुरीच्या भंगार बाजारातून जुना आरसा, दार, दरवाजाचं स्विच पॅनल खुशाल आणा. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यातलं काहीही जुनं घेऊ नका.

एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी असलेली गाडी मी तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याला सुचवत नाही. मोठ्या एसयूव्ही या वयात सगळ्यात स्वस्त दिसतात त्या याच कारणाने. रात्री गाडी सरळ उभी केली आणि सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला की हवेची पिशवी गळते आहे. ती गळत राहिली की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. एका कामाची तीन कामं होतात. तुमच्या ई-क्लासला स्प्रिंग असेल तर उत्तम, बघून घ्या.

विम्यात मोठा गैरसमज असतो. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता पूर्ण बिल देणारं कव्हर, बहुतेक ठिकाणी पाच-सात वर्षांपर्यंतच मिळतो. त्यापुढे साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. हेडलॅम्प आणि बंपर प्लास्टिकमध्ये मोजतात. म्हणजे समोरून एक छोटा ठोका बसला तरी निम्मं बिल तुमच्या खिशातून. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. विमा स्वतःच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या.

पैशांचा हिशेब मी असा मांडतो. साडेआठ लाख अधिक टॅक्स अधिक पहिल्या दोन महिन्यांत दीड ते दोन लाख, ज्यात सगळी तेलं, कूलिंग, ब्रेक, टायर आणि बॅटरी आली. हे ढोबळ आहे, पण याखाली धरू नका. त्यानंतर दरवर्षी लाखभर बाजूला. काही वर्षं त्यातलं निम्मंही लागणार नाही, एखाद्या वर्षी सगळं लागेल. म्हणून कर्ज काढून ही गाडी घेऊ नका. हप्ता आणि गिअरबॉक्स एकाच महिन्यात आले की मालक गिअरबॉक्स पुढे ढकलतो, आणि चांगली गाडी तिथून खराब व्हायला लागते.

दिल्लीला जायच्या आधी एकदा घरचाच बाजार बघा असं मी आग्रहाने सांगेन. आपल्या व्यापार मेळ्यात, जो ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला, नव्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सवलत शासन वेळोवेळी देत आलं आहे, आणि त्यासाठी नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच करावी लागते. महागड्या गाडीवर ही बचत लाखांत जाते, म्हणून इंदूर-भोपाळचे लोकही मेळ्यात येऊन मर्सिडीज, बीएमडब्ल्यू घेऊन गेले. त्यातल्या काही एमपी-०७ गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत. तुम्हाला एनओसी नको, नवा नंबर नको, पुन्हा टॅक्स नको. मालक इथलाच किंवा इंदूरचा, त्याच्या घरी जाऊन गाडी बघता येते, तो कुठल्या गॅरेजला जायचा ते विचारता येतं. अशी गाडी दिल्लीच्या गाडीपेक्षा दीड-दोन लाख महाग मिळाली तरी शेवटी बरोबरीतच येते, आणि झोप शांत लागते.

तरीही करोल बागेतली तीच हवी असेल तर टोकन देताना पावतीवर एवढं लिहून घ्या : चेसिस नंबर, मीटरचा आकडा, एनओसी ग्वाल्हेरच्या नावाने देण्याची तारीख, सर्व चलानं विकणाऱ्याकडे, आणि सर्व्हिसची नोंद मीटरशी जुळली नाही तर टोकन परत. डीलरने सही केली तर पुढे जा.